‘डिफेक्ट’ म्हणजे दोष काय?

इंग्रजी उतारा मराठीत उतरविण्यास दिला म्हणजे ज्या शब्दांपाशी आमच्या वर्गातील मुले क्षणभरही थबकत नाहीत, त्यांपैकी ‘डिफेक्ट’ हा एक होय. कठीण शब्द आला तर मुले कोश चाळतात, शेजाऱ्यास विचारतात, निदान पेन्सिलीचे टोक तरी चावतात; परंतु ‘डिफेक्ट’ दिसला की ‘दोष’ ही दोन अक्षरे वहीत उमटलीच म्हणून समजावे. डिफेक्ट यंत्रात असो, कापडाच्या ठाणात असो, एखाद्या नियमात असो, की एखाद्या बालकाच्या ओठात असो, मराठीत सर्वत्र दोषच. परीक्षकही त्यास पुरे गुण देतात, आणि विद्यार्थी तोच शब्द बरोबर घेऊन शाळेबाहेर पडतो. आमचे म्हणणे असे की, यांपैकी पहिल्या तीन ठिकाणी हे भाषांतर चालण्यासारखे असले तरी चौथ्या ठिकाणी ते चुकीचे आहे; आणि केवळ चुकीचे नव्हे, तर निष्ठुर आहे. कित्येकांस हा निव्वळ शब्दच्छल वाटेल. त्यांनी कृपा करून लेख पुरा वाचावा, एवढीच विनंती.

प्रथम इंग्रजी शब्दाचे कुळ पाहू. लॅटिन भाषेत कमी पडणे, उणे होणे, साथ सोडून जाणे या अर्थाचे एक क्रियापद आहे. त्यापासून इंग्रजीत ‘डिफेक्ट’ आला. ‘डेफिशियन्सी’ आणि ‘डेफिसिट’ हे त्याचे सख्खे भाऊ. रक्तात लोह कमी झाले तर डॉक्टर त्यास डेफिशियन्सी म्हणतात, आणि आपण सरळ ‘लोहाची कमतरता’ म्हणतो. सरकारच्या जमेपेक्षा खर्च अधिक झाला तर त्यास डेफिसिट म्हणतात, आणि आपली वर्तमानपत्रे ‘तूट’ असे छापतात. तुटीच्या अर्थसंकल्पास ‘दोषी अर्थसंकल्प’ असे अद्याप कोणी म्हटलेले नाही. विरोधी पक्षाच्या मनात तसे असेल, पण तो प्रश्न निराळा. सांगावयाचे ते हे की, तिघा भावांपैकी दोघांच्या वाट्यास कमतरता व तूट असे सौम्य शब्द आले आणि तिसऱ्याच्या कपाळी मात्र दोष लागला. मूळ शब्द पाहता तिघेही एकच गोष्ट सांगतात : जे असावयास पाहिजे ते पुरते आलेले नाही. कोणामुळे आले नाही, याविषयी ते काही बोलत नाहीत.

इंग्रजीत या अर्थाचे इतरही शब्द आहेत आणि प्रत्येकाची जात वेगळी. ‘फ्लॉ’ म्हणजे मुळात दगडाचा पापुद्रा किंवा कपची. त्यावरून चीर, तडा असा अर्थ आला. ‘ब्लेमिश’ म्हणजे डाग. त्याच्या मुळाशी फिकट पडणे व मार लागून वळ उठणे या कल्पना आहेत. ‘फॉइबल’ हा शब्द तर तलवारबाजांचा. पात्याचा मध्यापासून टोकापर्यंतचा अर्धा भाग दुबळा असतो, त्यास ते नाव; आणि मुठीकडील बळकट भागास ‘फोर्ट’. यावरून माणसाच्या लहानशा निरुपद्रवी दुबळेपणास फॉइबल म्हणू लागले. ‘फॉल्ट’ मात्र खरोखरच बोट दाखविणारा शब्द आहे. तरी गंमत अशी की, भूगोलात जमिनीच्या थरांत पडलेल्या भेगेसही इंग्रजीत फॉल्ट हेच नाव आहे. आपल्याच सातारा जिल्ह्यात कोयनेस ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला, तेव्हापासून हा शब्द आपल्या कानांवर वारंवार पडतो. परंतु आमच्या क्रमिक पुस्तकांनी त्याचे भाषांतर ‘प्रस्तरभंग’ असे केले, ‘भूमीचा दोष’ असे केले नाही. खडकाच्या बाबतीत जे तारतम्य आपणांस सुचले, ते लेकराच्या बाबतीत का सुचू नये?

यात कोशकारांकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही. मोल्सवर्थ साहेबांनी कँडी बंधूंच्या साह्याने आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध केला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. इंग्रजी-मराठी कोश त्यांनी आरंभिला, तो थॉमस कँडी यांनी तडीस नेऊन १८४७ साली छापविला. पुढे बाबा पदमनजींनी विद्यार्थ्यांच्या सोयीकरिता या थोर ग्रंथांचे संक्षेप तयार केले. कोशकाराचे काम बाजार मांडण्याचे. निवड गिऱ्हाइकाने करावयाची असते. आपण गिऱ्हाईक मात्र असे की, पहिल्याच दुकानात पिशवी भरून घरी परततो.

आणि हा बाजार केवढा भरगच्च आहे! रहिमतपुरासारख्या गावच्या आठवडे बाजारात एक फेरी मारून यावी आणि नुसते ऐकत राहावे. मडके घेणारी बाई बोटाने ते वाजवून पाहते. बद्द वाजले तर ‘याला चीर गेली आहे’ म्हणून खाली ठेवते. ‘मडके दोषी आहे’ असे ती म्हणत नाही. सोनार सोन्यात हीण आहे म्हणतो, आणि हिणकस हा शब्द आपण तेथूनच उचलून माणसांस व कवितांस लावला. बैल पाहणारा शेतकरी विचारतो, ‘खोड काय?’ बैल मारका आहे, की औताला जुंपल्यावर बसका आहे, हे त्यास हवे असते. खोड ही सवयीची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असे म्हणतात खरे, पण कसलेला धनी कित्येक खोडी मोडतोही. व्यापारात बुडाले तर खोट आली. काम जवळजवळ झाले, थोडक्यासाठी अडले, तर कसर राहिली. पंगतीत काही कमी पडले तर उणे पडले. ‘बट्टा’ या शब्दाची हकीकत तर एका स्वतंत्र लेखास पुरेल. पूर्वी आपल्या मुलखात अंकुशी, चांदवडी असे नाना टांकसाळींचे रुपये चालत. झिजलेला किंवा परमुलखातील रुपया घेताना सराफ जी वजावट करी, ती बट्टा. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरविल्यावर सराफाचा तो बट्टा हळूहळू गेला, पण घराण्याच्या नावाला लागणारा बट्टा मराठीत कायमचा राहिला.

बाजारातून निघण्यापूर्वी कडधान्याच्या पोत्यांपाशीही थांबावे. आपल्या कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याचा दाणा परक्या माणसाने प्रथमच पाहिला, तर हा डाग पडलेला माल दिसतो असे त्यास वाटण्याचा संभव आहे. वाघाच्या अंगावर असावेत तसे त्यावर तांबडे पट्टे असतात. ते पट्टे हीच त्याची ओळख. त्यांवरूनच त्यास नाव मिळाले, आणि त्याच नावाने २०१६ साली त्यास सरकारदरबारी भौगोलिक मानांकनही मिळाले. डाग कोणता आणि खूण कोणती, हे पाहणाराच्या माहितीवर किती अवलंबून असते, हे दाखविण्यास याहून जवळचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता ‘दोष’ या शब्दाकडे वळू. संस्कृतात ‘दुष्’ म्हणजे बिघडणे, नासणे, त्यापासून दोष. शास्त्रांच्या परिभाषेत तो निरुपद्रवी रीतीने नांदतो. आयुर्वेदात वात, पित्त व कफ यांस त्रिदोष म्हणतात. ते समतोल असतील तर मनुष्य निरोगी, म्हणजे तेथे दोष अंगी असणे यात वावगे काहीच नाही. साहित्यशास्त्रात काव्यदोष आहेत. दहावीच्या शास्त्राच्या पुस्तकात दृष्टिदोष आहेत. (त्यांतील एकास दूरदृष्टिता म्हणतात, आणि दूरदृष्टी हा तर आपण पुढाऱ्यांचा गुण समजतो, त्यामुळे या धड्याच्या वेळी वर्गात दरवर्षी एक विनोद ठरलेलाच असतो.) परंतु शास्त्राची वेस ओलांडून हा शब्द घरात व चावडीवर आला की त्याचा चेहरा बदलतो. तेथे दोष देतात, दोष लावतात, दोष पदरी घेतात, दोष झाकतात. निर्दोष सुटला म्हणजे त्याने गुन्हा केलेला नाही असे ठरले. भारतीय दंडसंहिता १८६० सालची. तिची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. पण मराठीत ‘सदोष मनुष्यवध’ हा शब्दप्रयोग पूर्वीसारखाच कायम आहे, आणि त्यातील सदोष याचा अर्थ उणा किंवा अपुरा असा नसून अपराधयुक्त असा आहे. आता हाच ‘सदोष’ आपण बिघडलेल्या पंख्यासही लावतो. पंख्यास मन नसल्यामुळे तो मनास लावून घेत नाही. शिवाय तेथे कोणास तरी जबाबदार धरावयाचेच असते. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ सालच्या कायद्याने वस्तूतील डिफेक्टबद्दल करणारास व विकणारास उत्तर द्यावयास लावले आहे. कारखान्यातून सदोष पंखा आला तर दोष कोणाचा, हा प्रश्न योग्यच आहे.

सारा घोटाळा या प्रश्नातच आहे. मराठीत ‘दोष’ म्हटला की ऐकणाराच्या मनात ‘कोणाचा?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. उणीव म्हटली तर ‘किती?’ असे विचारावेसे वाटते, आणि त्यामागून ‘कशी भरून काढावी?’ असे.

हे सारे शब्दांच्या पातळीवरच राहिले असते तर आम्ही वार्षिकाची पाने अडविली नसती. परंतु केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याचा आरंभ आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची तपासणी करावी, आणि जे आढळेल त्यावर विनामूल्य उपचार करावेत, अशी ही योजना. डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माते यांचे पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा यावे असे ठरलेले आहे. पथकाने काय पाहावयाचे, ते लक्षात राहावे म्हणून इंग्रजीत ‘डी’ या अक्षराने आरंभ होणारे चार गट केले आहेत : डिफेक्ट, डेफिशियन्सी, डिसीज आणि डेव्हलपमेंटल डिले. मराठीत त्यांतील आजार, कमतरता व वाढीतील विलंब हे शब्द ऐकून कोणी दचकत नाही. पहिल्या गटासाठी मात्र कोठे ‘जन्मजात व्यंग’ तर कोठे ‘जन्मदोष’ असे लिहिलेले आढळते. या गटात दुभंगलेला ओठ व टाळू, वाकडे पाऊल, जन्मजात मोतीबिंदू, जन्मजात बहिरेपणा, हृदयाच्या रचनेतील उणीव, पाठीच्या कण्याची जन्मजात उघडी राहिलेली नळी इत्यादी गोष्टी येतात. योजना उत्तम आहे. तिने कित्येक मुलांस ऐकू येऊ लागले, चालता येऊ लागले. आमची तक्रार एका शब्दापुरती आहे.

दुभंगलेल्या ओठाचेच उदाहरण घेऊ. सुमारे सातशे जन्मांमागे एका बालकात ही गोष्ट आढळते, म्हणजे ती काही दुर्मिळ नव्हे. आपल्याकडे अशा मुलाविषयी काय बोलले जाते, हे वाचकांस सांगावयास नकोच : आई पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही, विळी हाती धरली, भाजी चिरली, म्हणून ओठ चिरला गेला. घरात तान्हे मूल दूध ओढू शकत नाही म्हणून रडत आहे, आणि सासरची माणसे ग्रहणाची तारीख शोधीत आहेत, हा प्रकार आमच्या पाहण्यात आला आहे. अशा घरी जेव्हा शाळेचा किंवा दवाखान्याचा कागद जाऊन पोहोचतो आणि त्यावर ‘जन्मदोष’ असे सुबक अक्षरांत लिहिलेले असते, तेव्हा त्या कागदाने काय केले? ‘कोणाचा?’ हा प्रश्न घरात होताच. त्यावर आता सरकारी शिक्का बसला.

वास्तविक या प्रश्नास वैद्यकाचे उत्तर स्वच्छ आहे. गर्भाचा वरचा ओठ दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतो. हे जुळणे गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात होऊन जाते, आणि टाळूचे त्यानंतर दोनतीन आठवड्यांत. म्हणजे कित्येक स्त्रियांस दिवस गेल्याची पुरती खात्रीही झालेली नसते, तेवढ्यात ओठाचा निकाल लागून गेलेला असतो. सातव्या-आठव्या महिन्यातील ग्रहणात कोणी विळी धरली काय आणि न धरली काय! शिवाय ग्रहण हे सबंध महाराष्ट्रास एकाच दिवशी दिसते. ते जर या गोष्टीचे कारण असते, तर अशी मुले ग्रहणामागून झुंडीने जन्मास यावयास हवी होती, आणि ग्रहण नसलेल्या वर्षी एकही नको होते. तसे घडत नाही. येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. ग्रहणात सूर्य लोपतो, त्यास रोमन लोक ‘देफेक्तुस’ म्हणत. तोच आपल्या डिफेक्टचा पूर्वज. त्यांनी तरी तो शब्द सूर्याच्या अपराधाबद्दल वापरलेला नव्हता; तेजात उणेपणा आला, एवढेच त्यांस म्हणावयाचे होते.

पाठीच्या कण्याच्या गोष्टीत हे अधिकच उघड होते. गर्भधारणेपासून सुमारे अठ्ठावीस दिवसांत मज्जारज्जूची नळी मिटावयाची असते. ती मिटण्यास आईच्या शरीरात फॉलिक आम्लाचा पुरेसा साठा पाहिजे. ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन मंडळाने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, ज्या मातांस पूर्वी असे मूल झाले होते, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून हे जीवनसत्त्व घेतले असता पुन्हा तसे होण्याचा धोका शेकडा ७२ इतका कमी झाला. पाहा, एका भावाने दुसऱ्यास जन्म दिला : डेफिशियन्सीतून डिफेक्ट, उणिवेतून उणीव! येथे मातेस दोष देणारा मनुष्य तिच्या हाती गोळी देण्यास विसरतो, ही खरी हानी आहे. दोष शोधणारास औषध सुचत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांधाची गोष्ट पाठ असेल. शिष्यांनी त्या मनुष्याकडे पाहून प्रभूस प्रथम काय विचारले? पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रश्नाची घडण अगदी आपल्या ‘दोष कोणाचा?’ सारखीच आहे. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्याच्या डोळ्यांस चिखलाचा लेप लावून त्यास तळ्यावर धाडले. शास्त्रार्थ सांगण्याचा येथे हेतू नाही; परंतु ती चर्चा दोन हजार वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे, एवढे स्मरण द्यावेसे वाटले.

यावर तीन आक्षेप येतील. एक असा की, ‘दृष्टिदोष’ वगैरे शब्द रूढ झाले आहेत, ते आता कोठे बदलत बसावयाचे? आम्हीही ते बदला असे म्हणत नाही. परिभाषेतील शब्द परिभाषेत राहो. चष्मा लागलेल्या मुलीस उद्देशून ‘हिच्यात दोष आहे’ असे कोणी म्हणू नये, इतकेच. दुसरा असा की, ‘व्यंग’ म्हटल्याने भागेल. शब्द म्हणून तो दोषापेक्षा पुष्कळ बरा. वि आणि अंग, म्हणजे अवयवात काही उणे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. मराठी पवित्र शास्त्रातही तो आढळतो. परंतु व्यंगावर बोट ठेवण्याची आपली सवय जुनी, आणि व्यंगचित्र पाहून हसण्याचीही. लग्नाच्या बोलण्यांत तर हा शब्द ऐकून किती मुली खाली मान घालून बसल्या असतील! तेव्हा तो जपून वापरावा.

तिसरा आक्षेप थोडा निराळा आहे. उणे शब्दच नको, गौरवाचा शब्द द्यावा, असे काहींस वाटते. २०१५ सालच्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला, आणि पुढे सरकारी कागदांतून ‘अपंग’ शब्द जाऊन हा रुळला. हेतू चांगला होता याविषयी आम्हांस शंका नाही. तथापि अपंगांच्याच कित्येक संघटनांनी त्यास हरकत घेतली, आणि आम्हांस ती रास्त वाटते. ज्यास पायऱ्या चढता येत नाहीत त्यास दैवी अंग मिळाले आहे असे म्हटल्याने पायऱ्यांशेजारी उतरण बांधली जात नाही. उलट बांधण्याची निकड कमी वाटू लागण्याचा धोका आहे. दोष म्हणणारा कमी पडलेल्या गोष्टीचे पाप करतो, दिव्य म्हणणारा तिचे पुण्य करतो. उणीव म्हणणारा मात्र तिचे माप घेतो, आणि चष्मा, श्रवणयंत्र, शस्त्रक्रिया, उतरण या सर्व गोष्टी मापानेच करावयाच्या असतात.

भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी की, ‘डिफेक्ट’ पुढे आला म्हणजे कशातला, हे आधी पाहावे. भांड्यात असेल तर चीर, सोन्यात हीण, सवयीत खोड, युक्तिवादात किंवा कायद्यात त्रुटी, विकत घेतलेल्या मालात खुशाल दोष. देहात असेल तर उणीव. वर्गशिक्षकांची अडचण याहून अधिक खरी आहे. तपासणीचे पथक येण्यापूर्वी त्यांस यादी करावी लागते, रकाना लहान असतो आणि मुले पुष्कळ असतात. त्यांना आम्ही असे सुचवू की, रकान्यात कोणतेच नाम लिहू नये. जे आहे तेच लिहावे. ‘तिसऱ्या बाकावरून फळा दिसत नाही.’ ‘डाव्या कानाने कमी ऐकू येते, उजव्या बाजूस बसविले आहे.’ ‘टाळू दुभंगलेली, शस्त्रक्रिया व्हावयाची आहे.’ यास चार शब्द अधिक लागतात, परंतु डॉक्टरांस त्यांतून अधिक कळते, आणि कागद घरी गेला तर तो मुलाच्या आईस वाचून दाखविताही येतो.